गुलाबी फिनेल

धुळ्याला आमच्या गल्लीत सायकलवरून फिनेल विकणारा एकजण येई. गिऱ्हाईक परत पाठवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. आरोळी अशी, की झोपलेली कुत्री दचकून उठावीत. पण दाराशी येताच आवाज एकदम खाली. "भाऊ, घरमा रांगतं लेकरू शे का?" हो म्हटलं की कॅनचं झाकण बंद. मग पिशवीतून मूठभर रिठे काढून देई. "याना पानीवरी फरशी पुसा. वास नही, जहर नही." मी त्याची नक्कल करून अख्ख्या गल्लीला हसवत असे.

लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला मात्र आम्हाला घर गुलाबासारखं घमघमायला हवं होतं. "लेकरू मामाकडे गेलंय," मी बेधडक ठोकून दिलं आणि सरबताची रिकामी बाटली पुढे केली. त्यानं गुलाबी फिनेल भरलं. तेवढ्यात आमची कन्या रांगत उंबऱ्याशी आली आणि हसत बाटलीकडे झेपावली.

त्यानं बाटली झटकन उचलली, कॅनमध्ये रिकामी केली, आमच्याच नळावर धुतली, पुन्हा धुतली आणि पालथी ठेवली.

"रागावू नका हो," मी लाडीगोडी लावली, "वास फार छान आहे, म्हणून..."

"शेच," तो लेकीकडे बघत म्हणाला. "मनी पोरले बी हाऊ वास भलता आवडे. ती बी अशीच रांगती व्हती."

मी पुन्हा त्याची नक्कल केली नाही. त्यानंतर त्याची आरोळी आमच्या दारापुरती थांबे आणि पुढच्या घराशी सुरू होई. उंबऱ्यावर मूठभर रिठे मात्र ठेवलेले असत.