काठोकाठ पेला

आमच्या लातूरचे सुतारचाचा मशीन विकत घेत नाहीत, त्याची परीक्षा घेतात. लातूरला पाणी रेल्वेनं यायचं त्या दुष्काळात त्यांना सागवानी दारावर वेल कोरायला राउटर, म्हणजे लाकडात नक्षी कापणारं मशीन, हवं होतं. मशीन थरथरलं की दार वाया.

दुकानदार आप्पांनी भलंमोठं राउटर पुढं केलं. चाचांनी फळीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवून ते चालवलं. पाणी सांडलं.

"चाचा, पाणी हाय ते!" आप्पा ओरडले.

"म्हणूनच तर ठेवलंय. आता लहानगं काढा, अन् पेला भरा."

आप्पांनी जिवावर येऊन आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं. लहानगं राउटर लाकडात अलगद उतरलं, सरसर वळलं. एक थेंब सांडला नाही!

चाचांनी पेला दोन्ही हातांनी उचलला, साऱ्या दुकानाला दाखवला आणि आप्पांपुढं धरला.

"घ्या, तुमची अमानत. मशीन माझं."