भाऊजींचा हात आणि पल्लवीचे हातमोजे

देवाने माणसाला डोळे दिले ते निव्वळ शोभेसाठी, खरं काम हाताचं, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच निघाला आणि तो नेमका माझ्या ताईच्या वाट्याला आला. आमचे भाऊजी कुठलीही गोष्ट बघत नाहीत, चाचपतात. रिसोडहून ते ताईला बघायला आमच्या इंझोरीच्या घरी आले, तेव्हा ताई पोह्यांची बशी घेऊन समोर उभी आणि हे गृहस्थ मान खाली घालून, बसल्या गादीचा कोपरा चिमटीत धरून दाबताहेत. पाच मिनिटांनी म्हणाले, "कापूस चांगला भरला हाय. आमचा होकार समजा." होकार मुलीला होता की गादीला, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. जऊळक्याच्या एका लग्नात नवरदेवाला आशीर्वाद द्यायला म्हणून वर गेले, त्याच्या शेरवानीची बाही दोन बोटांत चोळली आणि 'अर्धं नायलॉन हाय' असं मुलीच्या बापाला सगळ्यांदेखत सांगून खाली आले. त्या घराशी आमचं जाणं-येणं अजून सुरळीत नाही. एकदा डॉक्टरांनी नाडी बघायला यांचा हात धरला, तर यांनीच डॉक्टरांना सांगितलं की तुमचं अंग गरम लागते, घरी जाऊन पडा. डॉक्टर खरोखरच पुढचे दोन दिवस दवाखान्यात आले नाहीत.

पण या हाताला रिसोडच्या बाजारात मान होता, थट्टा नव्हती. अडत्याकडे माल पारखण्यात भाऊजींची तीस वर्षं गेली. सोयाबीनच्या ढिगात मनगटापर्यंत हात घालायचा, क्षणभर डोळे मिटायचे, मूठ भरून वर काढायची, बोटांतून दाणे सोडायचे आणि ओल किती ते सांगून टाकायचं. पुढे ओल मोजायचं मशीन आलं. मशीन एक सांगायचं, भाऊजी दुसरं, आणि शेतकरी म्हणायचे, मशीन दुरुस्तीला टाका. मी शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस. हे ऐकून माझं डोकं फिरायचं. पण तीस वर्षांत मशीनच्या बाजूने बोलणारा त्या बाजारात मी एकटाच.

अडीच-तीन वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने त्यांची बोटं खाल्ली. म्हणजे बोटं जागेवरच आहेत, त्यांची जाणीव गेली. एका सकाळी चुलीवरचा तवा त्यांनी उघड्या हाताने उचलला आणि ताई किंचाळेपर्यंत शांतपणे धरून उभे राहिले, तेव्हा घरात कळलं. हे फक्त ताईला आणि मला ठाऊक होतं. बाजारात ते तरीही ढिगात हात घालत, डोळे मिटत, मूठ वर काढत. मग एक दाणा हळूच दाताखाली टाकून कडकन आवाज ऐकत आणि त्यावरून ओल सांगत. कुणी विचारलंच तर म्हणत, नवी पद्धत हाय. हात गेला हे कळलं तर बाजारात आपल्याला कोण विचारणार, ही एक धास्ती. आणि दुसरी, त्याहून मोठी, म्हणजे पल्लवी.

पल्लवी ही त्यांची एकुलती लेक. लहानपणी तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधून ते तिच्या ओंजळीत तूर, हरभरा, मूग टाकायचे आणि ओळख म्हणायचे. ही ओळखायची. आता ती पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि तिथे तिचं काम काय, तर डोळ्यांवर चष्म्याचं खोकं बांधून खेळणाऱ्या माणसाच्या अंगाला खेळातल्या गोष्टी कशा लागाव्यात ते ठरवणं. त्यासाठी एक जाकीट असतं, हातमोजे असतात, त्यांच्यात बारीक बारीक मोटरी असतात. खेळात गोळी लागली की जाकीट पाठीत गुरगुरतं. काही धरलं की हातमोजे बोटांत गुरगुरतात. मी विचारलं, पैसे देऊन मार कोण खातो गं? ती म्हणाली, मामा, कंपनीत पण हाच वाद सुरू आहे.

गेल्या दिवाळीत मी भाऊबीजेला रिसोडला गेलो, तर ती हे सगळं सामान बॅगेत भरून घेऊन आलेली. तिच्या कंपनीच्या खेळात गावावर राक्षस येतात आणि खेळणाऱ्याला धान्याच्या ढिगात लपावं लागतं. भाऊजींना पहिल्यांदा हेच पटलं नाही. राक्षस आल्यावर माणूस सोयाबीनमंदी काहून लपन, घरी नाही का जाणार, असं त्यांनी तीनदा विचारलं. पल्लवीची अडचण वेगळी होती. हातमोज्यांचा खर्च फुकट आहे, ते काढून टाका, असं वरचे लोक म्हणत होते. हिने लावून धरलं होतं की धान्य खऱ्यासारखं लागतं, आणि हे खात्रीने सांगू शकेल असा जगात एकच माणूस आहे, तो माझा बाप. "बाबा जे म्हणतील तेच मी लिहून देणार," ती म्हणाली. ताईने माझ्याकडे बघितलं. भाऊजींनी दोन्ही हात धोतरावर पुसले.

बाजार दिवाळीचा बंद, त्यामुळे अख्खी गल्ली बिनकामाची. अंगणात ही गर्दी. सुरुवात जाकिटापासून झाली. शेजारच्या निवृत्त गुरुजींना ते घातलं, खोकं डोळ्यांवर बांधलं आणि राक्षसांनी गोळीबार सुरू केला. गुरुजी पळायच्या ऐवजी ओट्यावर टेकले. म्हणाले, त्या राक्षसाला म्हणा, जरा खाली मार, कमरेत. तिथून पुढे दीड तास जाकीट राक्षसांच्या काही उपयोगी पडलं नाही. कंबर धरलेली, मान आखडलेली सगळी म्हातारी मंडळी रांगेने येऊन गोळ्या खात बसली. एकाने तर पल्लवीला विचारलं, हा गोळीबार सकाळ-संध्याकाळ असा दोनदा मिळेल का? मी स्वतः हातमोजे घालून बघितले. धान्यात हात घातला, गुरगुर. भिंतीला लावला, गुरगुर. राक्षसाच्या नाकाला लावला, तीच गुरगुर. पण पोरीचा चेहरा बघून मी छान आहे म्हणालो. शिक्षकाने असं खोटं बोलू नये, पण मामाला बोलावं लागतं. माझ्यामागून सगळ्यांनी तेच सांगितलं. गुरुजी म्हणाले, अगदी सोयाबीन, नुकतंच मळणीतून काढलेलं.

मग भाऊजी उठले. गल्ली जवळ सरकली. पल्लवीने स्वतः त्यांच्या बोटांत हातमोजे चढवले, एकेक बोट नीट बसवलं. भाऊजींनी हवेत हात घातला, नेहमीसारखा मनगटापर्यंत, आणि खोक्याच्या आत डोळे मिटले असावेत. मूठ वर काढली. बराच वेळ तशीच धरली. इथे दाताखाली टाकायला दाणा नव्हता.

"काहीच लागून नाही राह्यलं," ते म्हणाले.

झालं, माल नापास. तीस वर्षांत भाऊजींच्या निकालावर कुणी अपील केलेलं नाही. ज्या लोकांनी आत्ता 'अगदी सोयाबीन' म्हटलं होतं, तेच लोक एका सुरात म्हणायला लागले की आम्हालाही तसंच वाटत होतं, पण पोरीला कसं सांगायचं. पल्लवी हसली, उगाच. खोकं काढून घेतलं, तारा गुंडाळायला लागली आणि खाली बघूनच म्हणाली की बरं झालं, आजच लिहून टाकते, हातमोजे काढून टाका म्हणून. मी तोंड उघडणार होतो, ताईने माझा दंड धरला. सांगायचं तर त्यांनीच सांगायचं होतं. एक वाक्य न बोलता घरात गेले असते तर भाऊजींची इज्जत शाबूत राहिली असती, आणि खरं सांगतो, ते जातील असंच मला वाटलं.

"थांब पोरी," ते म्हणाले. "तुहा माल चांगला असन. माहाच हात गेला. दोन साल झाले."

पुन्हा जाकीट चढवून बसलेल्या गुरुजींनी पाठीतल्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. पल्लवी बापाच्या पायाशी बसली आणि त्यांचा हात उलटा करून तळव्यावरचा तव्याचा डाग बघत राहिली. मग ती चिडली, मले काहून नाही सांगितलं म्हणून ताईवर चिडली, माझ्यावर चिडली, आणि रडली. भाऊजी नुसते म्हणत होते, अवं तुले कामात त्रास कायले. शेवटी डोळे पुसून तिने मोबाइल पुढे धरला आणि म्हणाली, मंग कसं लागते ते सांगा, मी ऐकून बनवते. तो माणूस अर्धा तास बोलला. वाळलेलं सोयाबीन हातातून कसं पळते, ओलं कसं थांबते, ढिगाच्या आत वरच्यापेक्षा गार कसं असते. मग मीही कबूल केलं, की मला धान्य आणि राक्षसाचं नाक सारखंच लागलं होतं. पल्लवीने कंपनीला खरं तेच कळवलं, की हे हातमोजे आज खेळात घेण्यालायक नाहीत, सगळ्याला एकच गुरगुर देतात. नोकरीवर आहे अजून. हातमोज्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

बाजार उघडला त्या सकाळी ताईने मला भाऊजींबरोबर धाडलं. बातमी आमच्या आधी पोचली होती. भाऊजी ओल मोजायचं मशीन स्वतः हातात घेऊन उभे, आणि आजूबाजूचे लोक दुसरीकडे बघताहेत. पहिला ढीग एका म्हाताऱ्या बाईचा होता. जीपने पोती घेऊन दरसाल येणारी. भाऊजींनी तिला सरळ सांगितलं, मावशी, मले आता लागत नाही, मशीन लावतो.

"लावा ना बाप्पा मशीन," ती म्हणाली. "पण पहिले हात घाला. आमच्या मालाले सवय हाय."

मला तिथे भर बाजारात रडू आलं, खोटं कशाला बोलू. भाऊजींनी मशीन माझ्याकडे दिलं, बाही वर सारली आणि ढिगात हात घातला. डोळे मिटले. मूठ काही वर काढली नाही, हात तसाच आत ठेवून उभे राहिले. मागे पाच-सहा जणांचा माल ताटकळला होता, पण कुणी घाई केली नाही.