नाखवाबाईंची चार पदरी जाळी

नाखवाबाई कुठल्याही टाकीतले मासे आधी बघत नसत. टाकीवरच्या दिव्याखाली त्या आपला पंजा आडवा धरत आणि तळाच्या वाळूवर त्याची सावली कशी पडते ते बघत. सावलीच्या कडा धारदार दिसल्या की कपाळाला आठी. कडा विरलेल्या दिसल्या की पदराला हात पुसून म्हणत, "हां, आता बोल गो." माणसांकडे त्या वळत ते यानंतरच.

त्या ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या. नाखवा म्हणजे होडीचा मालक. "होडी विकली, नाव तेवढं राहिलं," असं त्या हसत सांगत. खाडीत मासळी मिळेनाशी झाली तेव्हा त्या एका शोभेच्या माशांच्या दुकानात काचा पुसायला लागल्या आणि काही वर्षांत दुकानदारच गिऱ्हाइकांना त्यांच्याकडे धाडू लागला. "आमच्या घरानं इतके मासे मारले, आता मी जगवते. बघू जमतंय का," असं म्हणत वर्तकनगरपासून कल्याणपर्यंतच्या टाक्या त्या सांभाळत. कोपरला मी दातांचा दवाखाना उघडला, तेव्हा पेशंट बसतात तिथली खाऱ्या पाण्याची टाकी त्यांनीच मांडून दिली. तीत दोन जोकर मासे होते, बटणांसारखी उमलणारी मऊ प्रवाळं होती आणि मधोमध पंज्याच्या आकाराचं एक मोठं तपकिरी प्रवाळ.

त्या मला "डॉक्टरीण" म्हणत. मी घाईची आहे हे त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. "तुझं सगळं फटाफट असतं," त्या म्हणत. मला ती शाबासकी वाटायची.

एकदा त्यांना न विचारता मी टाकीला नवा, भलताच झगझगीत दिवा आणला. जुन्या दिव्यात प्रवाळं मरगळल्यासारखी वाटत होती. शुक्रवारी तो पूर्ण ताकदीवर लावून, आपोआप चालू-बंद करणाऱ्या घड्याळावर टाकून मी घरी गेले. सोमवारी येऊन बघते तर बटणं मिटलेली आणि मोठं प्रवाळ आक्रसून फिकं पडलेलं, एका बाजूनं तर पांढरं. मी फोन केला. दुपारी बाई हजर.

पंजा धरला, सावली बघितली. सुरीनं कापल्यासारखी होती.

"किती दिवस लावलास?"

"तीनच, मावशी."

"तीन दिवस तू उन्हात उभी राहशील?"

मग मला शेजारी बसवून त्यांनी सांगितलं, की प्रवाळाचा रंग म्हणजे त्याच्या अंगात राहणारं बारीक शेवाळ. ते उजेडावर अन्न करतं आणि प्रवाळाला जेवू घालतं. उजेड एकदम वाढला की प्रवाळ त्या शेवाळाला बाहेर काढतं आणि उपाशी राहतं. "दिवा वाईट नाय. घाई वाईट."

मी विचारलं, औषध काय घालायचं? त्यांनी पिशवीतून मच्छरदाणीची जाळी काढली, चार पदर करून टाकीवर पसरली, दिवा पाचव्या हिश्श्यावर आणला, तोही दिवसातून चारच तास. "आठवड्याला एक पदर काढायचा. रंग उतरला की थांबायचं. बाकी नुसतं बघायचं. जमेल?"

नुसतं बघणं मला कधीच जमलं नव्हतं. म्हणून रोज सकाळी अकराला त्यांचा फोन येई आणि मी टाकीसमोर उभी राहून अहवाल देई. "आज तोंड उघडलंय थोडं. पण पांढरंच आहे. नाही, हात नाही लावला. जगेल ना, मावशी?" एका सकाळी हे ऐकून बाकावरचे एक गृहस्थ हळूच उठले आणि चपला घालून निघून गेले. बाईंना हे सांगितलं तर त्या फोनवर खोकला येईपर्यंत हसल्या.

चौथ्या आठवड्यात शेवटचा पदर निघाला. मोठ्या प्रवाळाच्या पांढऱ्या बाजूवर तपकिरी झाक आली होती, कडेनं इवली बोंडं हलत होती. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग सहज बोलल्यागत म्हणाल्या, "बोटाएवढं होतं तेव्हापासून माझ्या घरी होतं. आठ वर्षं. दवाखाना नवा म्हणून तुला दिलं."

मी विचारलं, "पांढरं पडलं तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू आणखी घाबरून काहीतरी फटाफट केलं असतंस."

बाईंची एक दाढ पार किडलेली होती. त्या तीत लवंग धरत, पण माझ्या खुर्चीच्या वाऱ्याला उभ्या राहत नसत. "दहा मिनिटांत काढते," असं मी एकदा म्हटलं, तर पुढचे पंधरा दिवस त्या टाकी बघायलाही आल्या नाहीत. प्रवाळ सावरल्यावर मी रीत बदलली. पहिल्या दिवशी त्यांनी खुर्चीत नुसतं बसायचं, चहा प्यायचा आणि घरी जायचं. दुसऱ्या खेपेला फक्त आरसा. तिसऱ्या खेपेला दिवा लावला, तोही तोंडावर नाही, बाजूला वळवून. बाईंनी डोळे बारीक केले.

"डॉक्टरीण, एकेक पदर काढतेस काय गो माझा?"

दोघी इतक्या हसलो की त्या दिवशी काम झालंच नाही. पाचव्या खेपेला दाढ निघाली. तेव्हापासून घाबरलेल्या कुठल्याही पेशंटला मी पहिल्या दिवशी नुसती खुर्चीत बसवते.

दोन वर्षांपूर्वी बाई लेकीकडे खडवलीला राहायला गेल्या. गुडघे जिने चढू देईनात. जाण्याआधी टाकीचं शेवटचं पाणी त्यांनी मला बदलायला लावलं आणि स्वतः पेशंटांमध्ये बाकावर बसून राहिल्या. एकदाही टोकलं नाही. मग मी एका आजोबांच्या दातात सिमेंट भरत असताना त्या दाराच्या काचेशी आल्या. माझे दोन्ही हात आजोबांच्या तोंडात. उठू नकोस, असं त्यांनी हातानं खुणावलं, घटकाभर बघितलं आणि गेल्या. मला नुसती मान हलवता आली.

तोंड मोकळं झाल्यावर आजोबांनी विचारलं, "कोण हो त्या?"

मी सांगायला बसले, आणि पुढचे दोन पेशंट ताटकळले.