डॉक्टर येतील, त्यांना विचारा

सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी बारा वर्षं नर्स होते. एक दिवस नोटीस बोर्डावर कागद लागला. अँब्युलन्सवर काम करायला तयार असलेल्या नर्सनी नावं द्यावीत, पॅरामेडिकचं प्रशिक्षण हॉस्पिटल देईल. आधी पंधरा दिवस गाडीवर जाऊन बघायचं, मग ठरवायचं.

मी त्याच दिवशी नाव दिलं. त्याला कारण होतं. आदल्या आठवड्यात सांगोल्याकडच्या एका मेंढरं राखणाऱ्या बाईला साप चावला म्हणून जीपमधून आणलं होतं. घरच्यांनी मांडीला दोरी करकचून आवळली होती. तशीच ती दोन तास प्रवास करून आली. डॉक्टरांनी सांगितल्यावर ती दोरी मीच कापली. बाई वाचली, पण रक्त अडल्यानं पाय गेला. वाटेत कुणी जाणतं माणूस सोबत असतं तर, हे माझ्या डोक्यातून जाईना.

आईला हे सांगितलं तर ती भडकली. "बारा वर्षं एका जागी नीट बसलीस की. आता रस्त्यावर पडलेली मानसं उचलत फिरतीस व्हय?"

नवरा एवढंच म्हणाला, "दुपारचं जेवण कुठं करशील?"

पहिले आठ दिवस डायलिसिसचे पेशंट ने-आण करण्यात गेले. नवव्या दिवशी सकाळी अक्कलकोट रोडवरच्या एका गावातून फोन आला. चिंचा झोडताना एक माणूस झाडावरून पडला होता. गाडीवर मी आणि ड्रायव्हर दोघंच, डॉक्टर फोनवर.

आम्ही पोचलो तेव्हा झाडाखाली पंचवीस-तीस माणसं जमली होती. दोघंजण त्याला बसवून पाणी पाजायच्या बेतात होते.

"हात लावू नका कुणी!" मी ओरडले. माझा आवाज एवढा मोठा निघतो हे मलाच माहीत नव्हतं. वॉर्डात कधी तशी वेळच आली नव्हती.

मी त्याच्या डोक्याशी गुडघे टेकले आणि दोन्ही तळवे त्याच्या कानांशी लावून मान स्थिर धरली. पाय हलवायला सांगितलं. डाव्या पायाची बोटं हलली. उजव्याची नाही.

"उचला की बाई! नुसतं बघत काय बसलाय?" मागून कुणीतरी म्हणालं. ड्रायव्हरनं मानेचा पट्टा आणला, फळी आणली. कुणी कुठं हात घालायचा ते मी चौघांना सांगितलं आणि एक-दोन-तीन म्हणून एकदम उचलायला लावलं. दहा मिनिटं गेली असतील. तेवढ्या वेळात लोकांनी मला काय काय ऐकवलं.

गाडीत त्याची बायको सोबत बसली. तिचं माहेर दुधनीच्या पलीकडचं, तिला मराठी जेमतेम यायचं. थोडं अंतर गेल्यावर तिनं मला विचारलं, "उळीतारेनु?"

मला कळलं नाही. ड्रायव्हर अक्कलकोटचा. तो पुढून म्हणाला, "वाचतील का, विचारतीय, सिस्टर."

माझं उत्तर तोंडात तयारच होतं. डॉक्टर येतील, त्यांना विचारा. बारा वर्षांत हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल! पेशंटच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या बायकांना, मुलांना, म्हाताऱ्या वडिलांना. ते खोटं नव्हतं, पण ते बोलून मी पुढच्या कॉटकडे वळायची. इथं वळायला जागा नव्हती आणि कुणी डॉक्टरही येणार नव्हते.

"त्यांना सांगा," मी ड्रायव्हरला म्हणाले, "मला माहीत नाही. पण श्वास चांगला आहे, नाडी चांगली आहे. मान हलू द्यायची नाही, एवढं आपण करू."

त्यानं कन्नडमध्ये सांगितलं. मग माझ्यासारखेच दोन्ही तळवे तिनं नवऱ्याच्या कानांशी धरले आणि हॉस्पिटल येईपर्यंत काढले नाहीत.

कॅज्युअल्टीच्या दारात मी त्याला सोपवलं. पाच मिनिटांत सगळं संपलं. वॉर्डात असते तर दुसऱ्या दिवशी मला त्याची मुलंबाळंही माहीत झाली असती. इथं मी फळी धुवत उभी होते. पुढचे तीन दिवस मी चौकशीलाही गेले नाही. ती बोटं हलली नसतील तर, या भीतीनं.

चौथ्या दिवशी गेले. मणका मोडला होता, पण आतला मज्जारज्जू तुटला नव्हता. ऑपरेशन झालं होतं, उजवा पाय थोडा थोडा हलत होता. त्यानं मला ओळखलं नाही, त्याला फक्त गाडीचं छत दिसलेलं. बायकोनं मात्र स्टूल पुढं सरकवलं. "बसा," म्हणाली.

मी मेट्रनना जाऊन सांगितलं, गाडीवर जाते म्हणून. त्या म्हणाल्या, "वॉर्डात तू चांगली आहेस. तिकडं चांगली होशील का, सांगता येत नाही."

"मलाही नाही सांगता येत, मॅडम."

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. दुसऱ्याच महिन्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांना आम्ही हॉस्पिटलपर्यंत जिवंत पोचवू शकलो नाही. मुलगी सोबत होती. तिला ते मीच सांगितलं, गाडी हायवेच्या कडेला घेऊन. ती खाली उतरली. तिचं रडणं ओसरेपर्यंत मी आणि ड्रायव्हर तिच्या दोन बाजूंना उन्हात उभे राहिलो. मग तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि आम्ही निघालो.