तात्पुरतं

आमच्या घरात ‘तात्पुरतं’ हा शब्द यांचा. नळाला बांधलेली चिंधी तात्पुरती, कपाटाच्या पायाखालचा पुठ्ठा तात्पुरता. लेक शाळेत होती तेव्हापासून दोन्ही तिथेच आहेत. आता ती सासरी नांदते.

हे एका मोठ्या दवाखान्याच्या वेबसाइटचं काम बघतात. ती पीएचपी या संगणकभाषेत उभी केली यांनी आणि यांच्या जोडीदाराने. जोडीदाराचा आवाज असा, की ऑफिसात त्यांना भोंगा म्हणत, माझ्यासाठी भोंगाभाऊजी. ते निवृत्त झाले, हे राहिले. आता सगळं नव्या फ्रेमवर्कवर न्यायचं चाललंय, पण साइट बंद ठेवून नाही; पेशंट तिच्यावरून रोज नंबर लावणारच. म्हणून एकेक पान नवं करायचं आणि मग जुनं काढायचं. पाहुणे बसलेले असताना घर बदलण्यातला प्रकार.

परवा जेवताना हे म्हणाले, “एक फाइल हलतच नाही. सगळे नंबर तिच्यातून जातात. हात लावला की भलतीकडेच काहीतरी मोडतं. आमच्या नव्या प्रमुख बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, हा गोंधळ कुणाचा.”

“मग?”

“म्हटलं, भोंग्याचा. तो काय, आता तिथे नाही. माझी निवृत्ती जवळ आली, जाता जाता नाव कशाला खराब करू?”

“फाइलीचं नाव काय?”

हे ताटातच बघत राहिले. “तात्पुरतं.”

पुढे विचारण्यासारखं काही उरलंच नाही. मी वाढत राहिले. देवापुढे बसले तेव्हाही मागितलं काय, तर ही गोष्ट बाहेर येऊ नये.

काल दुपारी भोंगाभाऊजींचा फोन आला. “वहिनी, त्या बाईंनी मला विचारलं. मी सांगून टाकलं, फाइल माझीच. त्याला सांगा, घाबरून बसू नको म्हणावं. मला आता कोण कामावरून काढतंय?”

“भाऊजी, ती तुम्ही नव्हती लिहिली.”

“ते मला ठाऊक नाही होय? पण तुमच्या नळाला त्याने चिंधी बांधली, तेव्हा टॉर्च मीच धरला होता की.” आणि हसले. मी फोन कानापासून लांब धरला. आवाजाची सवय आहे मला, हसणं सोसवेना.

संध्याकाळी यांना सांगितलं. एक मोजा पायात, एक हातात, तसेच बसले. “त्याने असं म्हटलं?” थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग म्हणाले, “शिव्या घातल्या असत्या तर बरं होतं.”

आज यांनी लवकर ऑफिसात जाऊन बाईंना खरं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “मग ती तुम्हीच हलवा. कोणती ओळ का लिहिली, ते मला सांगत सांगत.” हे शेजारी बसले. अर्ध्या ओळी का लिहिल्या ते यांनाच सांगता येईना. दिवसभर मान वर झाली नाही म्हणे.

घरी आल्यावर यांनी भाऊजींना फोन लावला. भाऊजींचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. यांचा येत नव्हता.