कणसरीच्या पोटातली डबी

मुडा नव्हता. आढ्याला दोरी होती, दोरीला गाठ होती, आणि गाठीखाली काहीच नव्हतं. बाळी कडेवर, डोक्यावर पाण्याची घागर, मी तशीच उंबऱ्यात उभी राहून वर बघत राहिले. घागर कधी खाली आली ते मला आठवत नाही, पण अर्धं पाणी जमिनीवर सांडलं होतं, आणि वैशाखात आमच्या मोखाड्याकडे पाणी सांडणं म्हंजे काय ते तिकडच्याच बाईला कळेल. तरी आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, पाण्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. माझं तोंड बघूनच त्या घाबरल्या.

"काय झालं गं? जनावर निघालं का?"

"मुडा कुठाय?"

"हा काय, आहे की तिकडं."

"तो नव्हे. दाराकडचा."

"हात्तिच्या! तो दिला. सूर्यमाळची म्हातारी आली होती, पारूबाई नावाची. तिचं बी उंदरांनी खाल्लं. दारात येऊन बी मागितलं, नाही कसं म्हणायचं?"

चार दिवसांनी माझी नाशिकची गाडी होती, आणि माझे सगळे पैसे त्या मुड्यात होते.

मला लिहायची सवय नाही, तिसरीपातुर शाळा झाली, म्हणून पुढचंमागचं होईल ते सांभाळून घ्या. मुडा म्हंजे पुढच्या सालचं भाताचं बी. पेंढ्यात गुंडाळून, दोरीनं आवळून, भोपळ्यासारखा गोल बांधतात आणि आढ्याला टांगतात. आमच्या डोंगरात धान्यालाच देवी म्हणतात, कणसरी. मुडा बांधला की ती आत निजली. पेरणीच्या दिवशी दिवा लावून, पाया पडूनच तिला सोडायची, त्याआधी कोणी हात लावायचा नाही. वैशाखात कोणी दारात येऊन बी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. आणि एकदा दिलेलं बी परत मागायचं नाही, मागितलं तर दोन्ही घरांतनं कणसरी उठून जाते असं सगळे मानतात. मीही मानते.

म्हणूनच मी तिथं लपवले. मुडे बांधताना आत्याबाई दोरी आणायला उठल्या तेवढ्यात मी आमच्या यांची तपकिरीची पत्र्याची डबी पैशांसकट भातात खोल सारली. एका खोलीच्या घरात दुसरी जागा कुठली? आणि मनात म्हटलं, आई, तुझ्या पोटात ठेवते, कोणी हात लावणार नाही. मला वाटलं मी फार हुशार. देवीला मी तिजोरी केली होती, हे तेव्हा कळलं नाही.

आमचे हे जव्हार संस्थानात शिपाई होते. संस्थान विलीन झालं, पुष्कळांची नोकरी गेली तशी यांचीही गेली. शेवटचा पगार घेऊन हे मोखाड्याला घरी आले आणि दुसऱ्याच साली तापानं गेले. बाळी तेव्हा पोटात. तिच्या वेळी मी तीन दिवस अडले होते. जव्हारच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला सोडवलं, आणि बरी झाल्यावर मीच त्यांचा पदर धरून म्हटलं, मला हे शिकायचंय. त्यांनी हसून सोडून दिलं नाही. दोन वर्षं चौकशी केली. नाशकात सातवी मागत होते. इंदूरला बायकांच्या एका इस्पितळात सुईणीच्या शिक्षणाला तिसरी चालत होती, आणि मूल घेऊन राहू देत होते. पत्र आलं. अमुक तारखेला हजर व्हा, नाहीतर जागा दुसरीला जाईल. माझं माहेर जामसरचं. आमच्या गावाला मोखाडासुद्धा संस्थानाबाहेरचा मुलूख, मला तिथं दिली तेव्हा आई रडली होती. आणि आता मी एकटी, लेकरू घेऊन, दुसऱ्या राज्यात निघाले होते.

हिशेब मला कागदावर जमत नव्हता म्हणून मी वालाच्या दाण्यांवर केला. एक दाणा म्हंजे एक रुपया. दोन नाशिकच्या मोटारीला. आठ आगगाडीला, खांडव्याला उतरून बदलायची. दोन पांढऱ्या साड्या पायजेच असं लिहिलं होतं, त्याला बारा. विद्यावेतन महिना भरल्यावर मिळणार, तोवर जेवायला बारा. मी शिकायला गेले की बाळीला सांभाळणारी बाई, चार. दहा दाणे परतीच्या भाड्याचे वेगळे ठेवले होते. ते रोज माझ्याकडे बघायचे. एक दिवस त्यातले चार बाळीच्या दुखण्याखुपण्याला घातले आणि सहा मडक्यात टाकून दिले. परतीचं भाडं धरलं असतं तर मी पहिल्याच आठवड्यात परत आले असते, माझं मला माहीत. बेचाळीस झाले. यांच्या पगारातले पंधरा, बाकी हिरडे वेचून आणि पत्रावळी लावून. आत्याबाई म्हणायच्या, "पोरगी वाल निवडते तरी किती!"

आता सगळं सांगावं लागलं. डबीचं सांगितलं. आत्याबाई सुटल्या. "माझ्या घरात माझ्यापासून लपवलंस? मी काय चोर आहे? आणि ते कणसरीच्या अंगात खुपसलंस? बरं झालं गेले! देवीनंच नेले. आता बस घरी."

"मी उद्या सूर्यमाळला जाते."

"दिलेलं बी मागायला?"

"बी नको मला. डबी पायजे."

"आणि डबी काय ती बाहेरनं काढणार आहेस?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायला निघाले. बाळी अजून अंगावर पीत होती, तिला पाठीशी बांधलं. सूर्यमाळ उंचावर, पाडे विखुरलेले, या डोंगरावर चार घरं, त्या डोंगरावर पाच. विचारत विचारत गेले. खोडाळ्याच्या पुढे ऊन चढलं, पाणी संपलं, बाळी रडून रडून थकली आणि गप्प झाली, आणि ती गप्प झाली तेव्हा मला जास्त भीती वाटली. वाटेत एका झऱ्यावर बायका हंडे लावून बसल्या होत्या. झरा म्हंजे काय, करवंटी भरायला अर्धी घटका लागायची. तिथं एक वाळकी, काळी, केस पिकलेली बाई होती. तिनं माझं तोंड बघितलं, काही न विचारता आपल्या हंड्यातलं पाणी बाळीच्या तोंडाला लावलं, मग मला दिलं. तिचा हंडा निम्मा झाला. ती परत सगळ्यांच्या मागं नंबराला जाऊन बसली. मी विचारलं, पारूबाईचं घर कुठलं? बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "तिचंच पाणी पिऊन तिलाच विचारतेस काय, बाय?"

घरी नेऊन तिनं मला नागलीची आंबील दिली. मुडा तिच्या आढ्याला होता. खाली पणती, दोन फुलं. तिचा मुलगा वीटभट्टीवर गेलेला, घरात ती एकटी. मी सगळं सांगितलं, वालाच्या दाण्यांसकट. तिनं नीट ऐकलं. मग म्हणाली, "पैसे तुझे, ते तुझेच. मी खाणार नांय. पन पेरल्याबगर मी तिला सोडणार नांय."

"मावशी, माझी गाडी आहे. जागा जाईल माझी."

"तू कशाला चाललीस म्हनतेस? बाया सोडवाया?"

"हो."

"मग तुला कळाया पायजे. पोटातलं वेळ झाल्याबगर कुनी वढून काढतं काय?"

असं म्हणून ती हंडा घेऊन परत झऱ्यावर गेली. तिचा नंबर यायचा होता. आणि मी घरात एकटी राहिले. मुडा माझ्या हाताला लागत होता. कोयता दाराशी कुडाला अडकवलेला होता. पेंढा जरा सरकवून हात घातला असता आणि परत दाबून ठेवला असता तर तिला कळलंही नसतं. मी उठले. खोटं कशाला सांगू, मी कोयता हातात घेतला. दोरीला लावला. तेवढ्यात बाळी मागून "आई" म्हणाली. ती नेहमीच म्हणते, त्यात काही नवल नाही, पण मी त्या मुड्याकडे बघत होते आणि कानावर तो शब्द आला. कोयता जमिनीवर ठेवला. खाली बसून पदर पसरला आणि म्हटलं, बाई, मी तुला डबा समजले, चुकले. तुझ्या पोटात आहे, आता तूच बघ. दे नाहीतर ठेव. मी जाणार एवढं मात्र खरं. पैसे असोत नसोत, मी जाणार.

आणि सांगते, त्यानंतर मला झोप आली. कितीतरी महिन्यांनी अशी गाढ झोपले. सकाळी पारूबाईला सगळं सांगितलं, कोयत्याचंही. ती हसली. "मला ठावं होतं. कोयता रोज मी कुडाला अडकवते, तो जमिनीवर होता." एवढंच. मी तिच्या पाया पडून निघाले.

घरी आल्यावर आत्याबाईंनी रिकामे हात बघितले. मी पेटी भरायला लागले तेव्हा म्हणाल्या, "कशाच्या जिवावर चाललीस?" माझ्याकडे हिरड्यांचे अडीच रुपये होते. म्हटलं, नाशिकपातुर पोचते. तिथं कोणाची भांडी घासीन, दळण दळीन, आठ रुपये झाले की पुढे जाईन. उशीर झाला तर इस्पितळाच्या दारात बसून राहीन. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला आणि भाकऱ्या थापायला बसल्या.

गाडीच्या दिवशी मोखाड्याच्या नाक्यावर आम्ही तिघी उभ्या होतो. जव्हारकडून मोटार आली, धुरळा उडाला, आणि धुरळा खाली बसला तर पलीकडे पारूबाई उभी. आदल्या दिवशी दुपारी निघून खोडाळ्याला मुक्काम करून आली होती. कमरेचं गाठोडं सोडून तिनं डबी माझ्या हातात ठेवली. डबीला भाताचे दोन दाणे चिकटले होते.

मला वाटलं तिनं माझ्यासाठी मुडा फोडला. "मावशी, सोडलीत तिला?"

"सोडली. पेरली."

"पेरली? पाऊस कुठाय?"

"धुळीत पेरली. राब भाजलेलाच होता. दिवा लावला, पाया पडले, पेरली. आता पानी धाडायचं तिचं काम."

राब म्हंजे पालापाचोळा जाळून केलेला रोपाचा वाफा; आमच्याकडे त्यात पावसाआधी धूळवाफेवर पेरतात, नाही असं नाही, पण आभाळ भरून आल्यावर. त्या दिवशी आभाळ कोरडं ठाक होतं. पाऊस लांबला तर मुंग्या, पाखरं, ऊन. सगळं बी जाणार. त्या बाईकडे दुसरं बी नव्हतं, म्हणून तर ती आमच्या दारात आली होती. तिनं देवीचा नेम मोडला नाही आणि मलाही अडवलं नाही, मधल्यामध्ये स्वतःचं वर्ष धुळीत टाकलं. मी डबी तिच्याकडे परत केली. म्हटलं, मावशी, हे ठेवा, बी घ्या याचं, मी नाही जात.

कंडक्टर ओरडला, "बाई, येताय का गाडी सोडू?"

पारूबाईनं हात मागं बांधले. "माझा हात आता मोकळा झाला. परत कशाला भरतेस?"

आणि मग आत्याबाई पुढे आल्या. मला वाटलं, आता म्हणतील, चल घरी. त्या पारूबाईला म्हणाल्या, "नाही उगवलं तर माझ्या घरी दुसरा मुडा आहे. निम्मा तुझा. मागायलाही येऊ नकोस, मी घेऊन येईन." मग माझ्याकडे वळून ओरडल्या, "आता चढतेस का लेकराला उन्हात मारतेस?"

मी चढले. डबी मुठीत धरून नाशिकपातुर रडत गेले. बाजूच्या बाईला वाटलं सासरच्यांनी हाकलली.

इंदूरला वेळेत पोचले. पहिल्या महिन्यात बाळी खरंच आजारी पडली आणि ते चार रुपये उपयोगी आले. आषाढात आत्याबाईंनी मास्तरांकडून पत्र लिहवून घेतलं. पाऊस फार लांबला नाही. पारूबाईचं निम्मं उगवलं, निम्मं मुंग्यांनी नेलं. आत्याबाई निम्मा मुडा डोक्यावर घेऊन सूर्यमाळला जाऊन आल्या, दोन दिवस राहिल्या, आणि दोघींनी मिळून लावणी केली. पाऊस कोणी धाडला ते मी सांगत नाही, पाऊस येतोच. मला नवल त्या दोघींचं वाटतं. मी देवीच्या पोटात पैसे ठेवले होते. तिनं मला पैसे परत दिले, आणि न मागता एक मावशी दिली, आणि माझी सासू मला दिली.

आता मी बाया सोडवते. घरची माणसं घाईला आली, ओढा म्हणाली, की मी म्हणते, थांबा, तिची वेळ येऊ द्या. आणि दरवेळी हाताला तो कोयता आठवतो. जे आपलं आहे ते हिसकून घ्यायला जाऊ नये, पण निघायचं थांबवूही नये, एवढंच मला कळलं. दरसाल वैशाखात मी बियाण्याचे पैसे सूर्यमाळला पाठवते. फिटतात असं वाटत नाही.

एक मात्र अजून टोचतं, म्हणून हे लिहिलं. निम्मं बी मुंग्यांनी नेलं ते माझ्यापायी. मी डबी मुठीत धरली आणि गाडीत चढले. बायांनो, खरं सांगा, तुमच्या कडेवर लेकरू, समोर गाडी, आणि त्या बाईचं वर्ष धुळीत पडलेलं. तुम्ही चढला असता का?