पेंटरनं ठेवलेली नावं

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला अर्धांगाचा झटका आला. हात हळूहळू सुधारला, शब्द मात्र परतले नाहीत. समोरच्याचं बोलणं त्याला कळायचं, पण पाणी हवं असलं की तोंडून ‘खिडकी’ निघायचं. चुकलं हे उमगून तो भिंतीकडे तोंड करून पडायचा.

वाचा सुधारायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा यायच्या. एरवी काय करायचं, हे त्याची बायको शिवणकामातून वेळ काढून इंटरनेटवर शोधायची. जिभेचे व्यायाम, चित्रांची कार्डं, कुणाकुणाचे अनुभव. दिसेल ते पान बटण दाबून साठवायची. साठवलं की केल्यासारखं वाटायचं. एकदा त्या बाईंनी गाण्याच्या चालीवर शब्द म्हणवून घ्यायच्या सरावाबद्दल विचारलं. आपण ते साठवलंय, एवढं बायकोला आठवत होतं. शोधता शोधता नाकी नऊ आले. सापडलं तेव्हा तेच पान तीनदा साठवलेलं निघालं, आणि वाचलं एकदाही नव्हतं. त्या दिवशी तिनं शिलाई मशीनला हात लावला नाही.

मग नणंद आली. ग्रंथालयातून निवृत्त झालेली, तोंडावर बोलणारी. पसारा पाहून तिनं वहिनीला लॅपटॉपवर घरापुरता एक विकी मांडून दिला, म्हणजे पानाला पान जोडलेली टिपणांची जागा. अट एकच. साठवलेल्या पानाचं कात्रण आत घ्यायचं तर ते आपल्या काय कामाचं, हे आपल्या शब्दांत एका ओळीत लिहायचं. ओळ सुचली नाही तर कात्रण पुसायचं. निम्म्याहून अधिक कात्रणं अशीच गेली. पुसण्याआधी वहिनी प्रत्येक कात्रण पुन्हा एकदा उघडून पाहायची, पण पुसून झाल्यावर तिला हलकं वाटायचं.

उरलेल्यांना मथळे द्यायचे होते. नणंदेनं लॅपटॉप भावापुढे सरकवला.

“जन्मभर दुसऱ्यांच्या पाट्यांना नावं ठेवलीस,” ती म्हणाली. “आता ह्यांना ठेव.”

आजारपणात पेंटर पहिल्यांदाच हसला. समोर घास गिळण्याच्या व्यायामाचं पान होतं. बराच वेळ त्याचे ओठ नुसतेच हलले.

“जि... जिना.” चूक कळून तो मान हलवायला लागला, तोवर बायकोनं टाइप केलंसुद्धा.

“घास जिन्यानंच उतरतो की,” ती म्हणाली. “राहू द्या.”

तेव्हापासून रोज जेवण झालं की एक पान. चित्रांच्या कार्डांना त्यानं ‘बाजार’ म्हटलं, गाण्याच्या सरावाला ‘नळ’. बायको शेजारी खरा मथळाही लिहायची आणि दोन्ही जोडून टाकायची. कुठूनही गेलं तरी पान सापडायचं. काय करून पाहिलं, काय जमलं, तेही खाली यायला लागलं. चालीवर म्हणताना ‘पाणी’ आधी अडखळत आलं, मग गाण्याशिवाय. वाचेच्या बाई पानं चाळून म्हणाल्या की आता पुढचं तुम्हीच मला सांगा.

एका सकाळी पेंटरनं मोबाइल बायकोपुढे धरला. एका म्हाताऱ्या कारागिराचा लेख होता, काचेवर सोनेरी अक्षरं कशी काढतात त्याचा. आजाराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

“ठेव,” तो म्हणाला.

“कशाला? ओळ सांगा.”

तिनं घाई केली नाही. मशीनवरचं कापड बाजूला करून ती थांबली.

“मला... शिकायचंय.”

तिनं ते जसंच्या तसं लिहिलं. मग तो लेख दोघांनी मिळून शेवटपर्यंत वाचला.